शॅलचा नियम कोणाचा?

इंग्रजी व्याकरणाच्या पुस्तकांतला एक नियम आपल्याकडे कित्येक पिढ्यांनी घोकला. ‘आय’ आणि ‘वी’ यांच्यापुढे शॅल, बाकी सगळ्यांपुढे विल. निर्धार, वचन, धमकी किंवा आज्ञा सांगायची असेल, तर नेमके उलटे: ‘आय’पुढे विल आणि ‘यू’, ‘ही’, ‘दे’ यांच्यापुढे शॅल. गाळलेल्या जागा भरा म्हटले की हा नियम हुकमी गुण मिळवून देई आणि बाहेरच्या जगातले इंग्रजी कानावर पडू लागले की तोच नियम कोणी पाळताना दिसत नसे. याचे स्पष्टीकरण सहसा दोनपैकी एक दिले जाते. इंग्रजी बोलणारे हल्ली आळशी झाले, हे एक; व्याकरणकारांनी हवेतून नियम काढला, हे दुसरे. दोन्ही स्पष्टीकरणे सोयीची असली तरी अपुरी आहेत. नियमाचा तीनशे-साडेतीनशे वर्षांचा प्रवास पाहिला तर वेगळीच गोष्ट समोर येते. इंग्लंडच्या एका भागातल्या, एका वर्गातल्या लोकांच्या लकबीला परक्यांसाठी लिहिलेल्या पुस्तकांनी कायद्याचे रूप दिले. भाषा कानाने नव्हे तर पुस्तकाने शिकली जात होती, तिथे तो कायदा सर्वांत जास्त टिकला. आणि या कोष्टकाच्या नादात शॅल या क्रियापदाचा खरा अर्थ मात्र झाकला गेला.

तो अर्थ मुळात भविष्याचा नव्हताच. जुन्या इंग्रजीत भविष्यकाळ दाखवणारा स्वतंत्र प्रत्यय नव्हता; वर्तमानकाळाच्या रूपावरच काम भागे आणि उद्याची गोष्ट आहे हे संदर्भावरून कळे. ज्या ‘स्कुलान’ क्रियापदापासून शॅल आले, त्याचा अर्थ देणे लागणे, ऋणी असणे असा होता. जर्मन भाषेत कर्जाला आणि अपराधालाही ‘शुल्ड’ म्हणतात, तो शब्द याच कुळातला. विल ज्यापासून आले त्या ‘विलान’चा अर्थ इच्छिणे. म्हणजे एक क्रियापद माणसावर बाहेरून आलेल्या बंधनाचे आणि दुसरे त्याच्या आतून उठलेल्या इच्छेचे. जे करणे भाग आहे ते पुढे घडणार आणि जे करायची इच्छा आहे तेही पुढे घडण्याचा संभव, या ओघाने दोन्ही हळूहळू भविष्याकडे सरकली. पण सरकताना त्यांनी पुरुषांची वाटणी करून घेतली नव्हती. चौदाव्या शतकाच्या अखेरीस जॉन विक्लिफच्या अनुयायांनी बायबल इंग्रजीत आणले, तेव्हा लॅटिनमधल्या साध्या भविष्यकाळासाठी त्यांनी तिन्ही पुरुषांत शॅल वापरले आणि इच्छा सांगायची असेल तिथे विल. त्याच काळातल्या चॉसरच्या लेखनात शॅलचा ‘देणे लागतो’ हा जुना अर्थही अजून जिवंत सापडतो. ‘मी’साठी एक आणि ‘तू’साठी दुसरे, ही कल्पना तेव्हा कुठेच नाही.

ती स्पष्ट शब्दांत मांडली १६५३ साली, आणि मांडणारा माणूस होता गणिती. जॉन वॉलिस हा ऑक्सफर्डमध्ये भूमितीचा सॅव्हिलियन प्राध्यापक होता. इंग्लंडच्या यादवी युद्धात पार्लमेंटच्या बाजूने शत्रूची सांकेतिक पत्रे उलगडण्याचे काम त्याने केले होते, आणि अनंताचे आडव्या आठासारखे चिन्ह गणितात रूढ झाले तेही १६५५ सालच्या त्याच्या ग्रंथामुळे. त्याने इंग्रजीचे व्याकरण लिहिले ते लॅटिनमध्ये, कारण वाचक परदेशी होता. इंग्रजीत निघणारे महत्त्वाचे ग्रंथ, विशेषतः धर्मविषयक ग्रंथ, वाचू इच्छिणाऱ्या युरोपीय विद्वानांना आधार हवा होता. त्यांच्यासाठी वॉलिसने सांगितले की प्रथम पुरुषात शॅल नुसते भाकीत करते आणि विल वचन देते किंवा धमकावते. द्वितीय आणि तृतीय पुरुषात शॅल वचन देते किंवा धमकावते आणि विल नुसते भाकीत करते. नियमाचा आकार पाहण्यासारखा आहे. दोन क्रियापदे, दोन अर्थ आणि पुरुष बदलला की जागांची सरळ अदलाबदल. समीकरणे मांडणाऱ्या माणसाला भुरळ पडावी इतका तो सममित आहे. वॉलिस जन्माने केंट परगण्यातला, म्हणजे दक्षिण इंग्लंडचा. त्याच्या आसपासच्या सुशिक्षितांच्या बोलण्यात या आकाराशी जुळणारे काही त्याला नक्कीच ऐकू आले असणार. पण बोलण्यातला कल आणि व्याकरणातला नियम यांत जे अंतर असते, ते लॅटिनमधल्या त्या चार ओळींत पुसले गेले. वाचणारा परका होता. अपवाद ओळखणारा कान त्याच्याकडे नव्हता.

पुढच्या शतकात हा नियम परदेशी विद्वानांकडून देशातल्याच परक्यांकडे वळला. स्कॉटलंड आणि आयर्लंडमधले सुशिक्षित लोकही इंग्रजीच बोलत, पण त्यांच्या तोंडी सगळीकडे विल असे. १७०७ साली स्कॉटलंड आणि इंग्लंड यांचे एकीकरण झाल्यावर लंडनमध्ये उठबस वाढली, तशी आपल्या बोलण्यातला स्कॉटिश वास लपवण्याची धडपडही वाढली. डेव्हिड ह्यूमसारख्या युरोपभर गाजलेल्या तत्त्वज्ञाने १७५२ साली आपल्या निबंधांच्या पुस्तकाला स्कॉटिश प्रयोगांची एक यादी जोडली आणि तिच्यात शॅल-विलच्या वापराचा खुलासा दिला. मनुष्यबुद्धीच्या मर्यादा तपासणाऱ्या माणसालाही ‘आय’पुढे कोणते सहायक क्रियापद लावावे याची धास्ती होती, यावरून हा प्रश्न अर्थापेक्षा प्रतिष्ठेचा किती झाला होता ते कळते. १७६२ साली रॉबर्ट लाउथने, जो पुढे लंडनचा बिशप झाला, आपल्या छोटेखानी व्याकरणात वॉलिसचाच नियम इंग्रजीत घातला. १७९५ साली लिंडली मरेचे व्याकरण आले आणि अटलांटिकच्या दोन्ही किनाऱ्यांवर शाळाशाळांत पोहोचले. हा मरे मूळचा अमेरिकन. यॉर्कजवळ स्थायिक झाला आणि तिथल्या एका मुलींच्या शाळेसाठी त्याने हे पुस्तक लिहिले. वॉलिसचे युरोपीय विद्वान, ह्यूमचे स्कॉटिश बांधव, मरेच्या विद्यार्थिनी, या सगळ्यांना एकच गोष्ट हवी होती: ज्यांचे बोलणे प्रमाण मानले जाते, त्यांच्यासारखे बोलता येणे. नियम त्यांच्यासाठी होता. ज्यांची ती लकब होती त्यांना पुस्तकाची गरज नव्हती.

एकोणिसाव्या शतकात या नियमावर एक विनोद फिरत होता, तो या साऱ्याचे सार सांगतो. बुडणारा माणूस ओरडतो, ‘आय विल ड्राउन, नोबडी शॅल सेव्ह मी!’ काठावरचे इंग्रज नियमाप्रमाणे अर्थ लावतात: मी बुडणारच असा याचा निर्धार आहे आणि कोणी वाचवू नये अशी आज्ञा आहे. मग ते सभ्यपणे त्याला बुडू देतात. बुडणारा कधी आयरिश असे, कधी स्कॉट, कधी फ्रेंच. इंग्रज कधीच नसे. विनोदातली खोच परक्याच्या अज्ञानावर होती, पण ती उलटूनही लागते. गटांगळ्या खाणाऱ्या माणसाचा अर्थ कोणालाही कळतोच. न कळण्यासाठी व्याकरणाचे पुस्तक वाचलेले असावे लागते. १८५६ साली, कॅनडाचा गव्हर्नर जनरल असताना, सर एडमंड हेडने या दोन क्रियापदांवर एक स्वतंत्र पुस्तकच प्रसिद्ध केले. १९०६ साली इंग्रजीच्या वापरावर लिहिणाऱ्या फाउलर बंधूंनी आपल्या पुस्तकात या विषयाला पानेच्या पाने दिली आणि दिलखुलासपणे सांगून टाकले की दक्षिणेकडच्या इंग्रजांना हा वापर उपजत येतो, पण ज्यांना तो जन्माने मिळालेला नाही त्यांना कमावणे जवळपास अशक्य आहे. जो नियम शिकून येत नाही असे त्याचे कैवारीच सांगतात, त्याला नियम म्हणावे की वंशपरंपरागत वतन, हा प्रश्न तिथेच पडायला हवा होता.

तो पाडला चार्ल्स फ्राइझ या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने. १९२५ साली त्याने सोळाव्या शतकापासून विसाव्यापर्यंतची इंग्रजी नाटके तपासली आणि त्यांतले शॅल-विलचे हजारो प्रयोग मोजले. नाटकात माणसे एकमेकांशी बोलतात, म्हणून बोलीचा तो त्यातल्या त्यात जवळचा पुरावा. प्रथम पुरुषातही विलचेच प्रमाण मोठे निघाले आणि नियमातली नीटस वाटणी कोणत्याच काळात दिसली नाही. यावरून अनेकांनी सरळ निष्कर्ष काढला की नियम ही व्याकरणकारांची बनवाबनवी. इथे एक आक्षेप गंभीरपणे घ्यायला हवा. नाटकातली माणसे सतत बेत करतात, वचने देतात, शपथा घेतात. तेव्हा ‘आय’पुढे विल जास्त येणारच, आणि ते नियमाला धरूनच म्हणता येईल. शिवाय दक्षिण इंग्लंडच्या सुशिक्षितांच्या पत्रांत आणि गद्यात प्रथम पुरुषाबरोबर शॅलचा कल खरोखरच दिसतो. हा आक्षेप बरोबर आहे, आणि म्हणूनच वॉलिसला खोटे ठरवण्याचे कारण नाही. पण कल होता एवढे मान्य केल्याने तो सगळ्या इंग्रजीचा नियम होता असे सिद्ध होत नाही. स्कॉटलंड, आयर्लंड आणि पुढे अमेरिका येथल्या लाखो लोकांची इंग्रजी हीही इंग्रजीच होती. तिला चूक ठरवण्याचा आधार भाषेत नव्हता, तो राजधानी कुठे आहे यात होता.

नियमाच्या बचावासाठी दुसरे स्पष्टीकरण दिले गेले ते सौजन्याचे. ज्यूलियस हेअर आणि त्याच्या मताच्या विद्वानांनी असे मांडले की स्वतःविषयी बोलताना माणूस नम्रपणे स्वतःला बंधनाखाली ठेवतो, म्हणून ‘आय’ला शॅल, दुसऱ्याविषयी बोलताना त्याच्या इच्छेचा मान राखतो, म्हणून ‘यू’ला विल. कल्पना देखणी आहे, पण ती नियम रुळल्यानंतर सुचलेली आहे. विक्लिफच्या काळात सर्वांनाच शॅल लागत होते. तेव्हाचे इंग्रज उद्धट होते आणि नंतर सभ्य झाले, असे काही कोणी म्हणणार नाही. त्याहून मोठी अडचण अशी की निर्धाराच्या क्षणी उत्तम इंग्रजी वक्ते या वाटणीला जुमानत नाहीत. ४ जून १९४० रोजी चर्चिलने कॉमन्स सभेत किनाऱ्यांवर, शेतांत, रस्त्यांत लढण्याची आणि कधीही शरण न जाण्याची घोषणा केली, तेव्हा ‘वी’पुढे एकामागून एक शॅलच येत गेले. नियमाप्रमाणे हे निव्वळ भाकीत ठरते, पण त्या भाषणाला हवामानाचा अंदाज म्हणून कोणी ऐकले नाही. ‘वी शॅल ओव्हरकम’ हे अमेरिकेतल्या नागरी हक्क चळवळीचे गीत आधी विल घालून गायले जाई; नंतर तिथे शॅल आले आणि तेच जगभर गेले. दोन्ही ठिकाणी शॅलला जोर मिळाला तो त्याच्या जुन्या अर्थातून: हे आमच्या लहरीवर नाही, हे घडणे भाग आहे.

भारतात या नियमाला दुसरे आयुष्य मिळाले. १८३५ नंतर इंग्रजी ही नोकरीची, कचेरीची आणि १८५७ पासून विद्यापीठाची भाषा झाली, पण बहुतेक विद्यार्थ्यांना ती बोलणारा माणूस क्वचितच भेटे. भेटे ते पुस्तक. मराठी मुलाला तर हे कोष्टक ओळखीचेच वाटावे. ‘मी जाईन, तू जाशील, तो जाईल’ अशी पुरुषागणिक बदलणारी रूपे त्याच्या भाषेत होतीच आणि संस्कृतची रूपे पाठ करण्याची सवय घरात नाहीतर शाळेत लागलेली होती. त्यामुळे शॅल आणि विल ही दोन वेगळ्या अर्थांची क्रियापदे न राहता एकाच क्रियापदाचे पुरुषवाचक प्रत्यय असल्यासारखी पाठ झाली. पुढे वर्षानुवर्षे देशभर ज्या पुस्तकाने इंग्रजी शिकवली, त्या ‘रेन अँड मार्टिन’मधल्या रेनचा संबंध आपल्या भागाशीच होता. पर्सिव्हल क्रिस्टोफर रेन १९०३ साली हिंदुस्थानात आला, मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात त्याने नोकरी केली, तेव्हा इलाख्यातच असलेल्या कराचीत शिकवले आणि पुढे १९२४ सालच्या ‘बो जेस्ट’ या कादंबरीने तो प्रसिद्ध झाला. त्याच्या व्याकरणाच्या नंतरच्या सुधारित आवृत्त्यांनी ‘आय’बरोबरही आता विलच जास्त चालते असे नोंदवले आहे. पण प्रश्नपत्रिका पुस्तकाच्या मागून चालतात, आणि शिक्षकाच्या मनातले व्याकरण त्याच्या स्वतःच्या शाळेतले असते.

शिक्षकांची बाजू अशी की परकी भाषा शिकवायची तर काहीतरी पक्का नियम हवाच. ‘कानाला बरे वाटेल ते लिहा’ असे सांगून पन्नास मुलांचा वर्ग पुढे जात नाही. हे रास्तच आहे. पण सोपा म्हणून नियम घ्यायचा तर हा नियम सोपाही नाही. त्यात पुरुष ओळखायचा, मग निर्धार आहे की भाकीत हे ओळखायचे, मग जागा उलट्या करायच्या, आणि एवढे करून जे वाक्य हाती येते ते बोलले तर ऐकणाऱ्याला जुनाट वाटते. ब्रिटिश छापील इंग्रजीच्या दहा-दहा लाख शब्दांच्या दोन नमुन्यांची तुलना झाली आहे: १९६१ सालच्या नमुन्यात शॅल साडेतीनशेच्या आसपास वेळा आले, तर १९९१ सालच्या नमुन्यात सुमारे दोनशे वेळा. तीस वर्षांत चाळीस टक्क्यांहून जास्त घट, आणि तीही छापील मजकुरात. भविष्य सांगायला सर्व पुरुषांत विल, हा एका ओळीचा नियम जास्त खराही आहे आणि पन्नास मुलांच्या वर्गाला जास्त उपयोगीही. मात्र तिथे थांबलो तर शॅल उरले कुठे आणि का, हे कळत नाही, आणि भारतातल्या वाचकाला ते कळणे अगत्याचे आहे.

कारण आपल्या देशात शॅल बोलण्यातून गेले तरी कायद्यात ठाण मांडून बसले आहे. मेकॉलेच्या आयोगाने मसुदा केलेली आणि १८६० साली मंजूर झालेली भारतीय दंड संहिता कलमामागून कलम ‘शॅल बी पनिश्ड’ म्हणत गेली. १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या इंग्रजी पाठातही तेच रूप आहे. राज्यघटनेचे चौदावे कलम राज्याने कोणाला समानता नाकारू नये असे सांगते, ते याच क्रियापदाने. इथे शॅलचे मूळचे ऋण परत येते: राज्य नागरिकाचे हे देणे लागते. पण याच घटनेच्या पहिल्या कलमात भारत हा राज्यांचा संघ असेल असे म्हणतानाही शॅलच आहे, आणि तिथे कोणाला आज्ञा नाही, नुसती प्रस्थापना आहे. एकाच शब्दाने आज्ञा, घोषणा आणि कार्यपद्धती अशी तिहेरी कामे केली की भांडण कोर्टात जाते. १९५७ साली ‘उत्तर प्रदेश राज्य विरुद्ध मनबोधनलाल श्रीवास्तव’ या खटल्यात असाच प्रश्न आला. सरकारी नोकरावरच्या शिस्तभंगाच्या कारवाईत लोकसेवा आयोगाचा सल्ला ‘शॅल’ घेतला जाईल असे घटनेचे ३२०वे कलम सांगते. सल्ला रीतसर घेतला नाही तर कारवाई रद्द होते का? सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, नाही. इथला शॅल बंधनकारक नसून मार्गदर्शक आहे. शब्द तोच, पण बळ कलमाच्या हेतूवरून ठरते, हे तत्त्व तेव्हापासून कित्येक निकालांत आले आहे.

यावर कायदेपंडितांचा आक्षेप ठरलेला असतो: न्यायालयांनी दीडशे वर्षे ज्या शब्दाचा अर्थ लावला, तो बदलला तर नवा गोंधळ होईल. पण बदल करून पाहिलेल्यांचा अनुभव उलट आहे. दक्षिण आफ्रिकेच्या १९९३ सालच्या हंगामी घटनेत शॅल होते. १९९६ च्या घटनेत बंधनाच्या ठिकाणी ‘मस्ट’ आले. अमेरिकेच्या केंद्रीय दिवाणी प्रक्रियेचे नियम २००७ साली नव्याने लिहिले गेले, तेव्हा संदिग्धतेच्या कारणावरून शॅल काढून टाकले गेले. ब्रिटिश पार्लमेंटचे मसुदाकारही आता ते टाळतात. जिथे शॅल मुद्दाम ठेवले गेले, तिथे त्याचा अर्थ आधी बांधून घेतला आहे. आंतरराष्ट्रीय मानकांच्या दस्तऐवजांत शॅल म्हणजे पाळलीच पाहिजे अशी अट, ‘शुड’ म्हणजे शिफारस आणि ‘मे’ म्हणजे मुभा, असे स्पष्ट ठरलेले असते. चाकणच्या कारखान्यातल्या किंवा हिंजवडीतल्या कार्यालयातल्या अभियंत्याला रोजच्या कामात भेटणारे शॅल हे आहे. तिथे ते ‘आय’पुढे आहे की ‘इट’पुढे, याने काहीच फरक पडत नाही, अट न पाळली तर माल परत येतो.

शेवटी एक आक्षेप उरतो तो रसिकांचा. भाकीत आणि निर्धार यांतला सूक्ष्म फरक दाखवण्याची सोय गेली, तर इंग्रजी तेवढी गरीब होणार नाही का? फरक दाखवण्याची गरज सर्वच भाषांना असते, हे खरे. मराठीत ‘उद्या येईन’ आणि ‘उद्या येणार’ यांत बांधिलकीचे केवढे अंतर आहे, ते लग्नाचे बोलावणे करणाऱ्याला विचारावे. पण हा फरक आपण कोष्टकाने शिकलो नाही आणि तो टिकवायला कोणा बिशपाची गरज पडली नाही, कारण तो सगळ्या बोलणाऱ्यांचा आहे. इंग्रजीनेही आपली सोय केलीच आहे: ठरलेल्या बेताला ‘गोइंग टू’, तत्काळ घेतलेल्या निर्णयाला आणि अंदाजाला विल, सक्तीला ‘मस्ट’ किंवा ‘हॅव टू’. शॅल राहिले ते जिथे दुसऱ्या कशाने काम भागत नाही तिथे. ‘शॅल वी गो?’ म्हणजे ‘निघू या का?’, ‘शॅल आय ओपन द विंडो?’ म्हणजे ‘खिडकी उघडू का?’ या प्रश्नांत आपण भविष्य विचारत नसतो. निर्णय समोरच्याच्या हाती देत असतो. कायद्यातही निर्णय कर्त्याच्या हाती नसतो, तो विधिमंडळाचा असतो. म्हणून हे क्रियापद नीट वापरायचे तर कर्ता कोणत्या पुरुषाचा आहे हे पाहण्याऐवजी ठरवणारा कोण आहे हे पाहावे. ठरवणारा कर्त्याहून वेगळा असेल, तर शॅलला जागा आहे. नसेल, तर विल पुरेसे आहे. ही कसोटीही सर्वत्र लागू पडणार नाही, पण ती क्रियापदाच्या मूळ अर्थातून निघालेली आहे, आणि वॉलिसच्या कोष्टकापेक्षा ती आजच्या इंग्रजीतली जास्त वाक्ये उलगडून दाखवते.